कुठला दुष्काळ, ते आधी सांगा

दर दीड-दोन वर्षांनी एक बातमी फिरतेच. "दुष्काळाला तोंड देणारा जीन सापडला", खाली हिरव्यागार रोपाचा फोटो, शेजारी वाळलेलं रोप, आणि दोन ओळींत सगळा प्रश्न मिटलेला. आमच्या गावाकडच्या ग्रुपवर कोणीतरी ती टाकतं आणि मला विचारतं, ताई, हे बियाणं आपल्याकडं कधी येणार? मी ॲग्रीला होते, पुढे एमएस्सीला जेनेटिक्स अँड प्लांट ब्रीडिंग घेतलं, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो आणि तो यायलाच हवा, कारण विचारणाऱ्याच्या घरी खरंच कोरडवाहू जमीन आहे आणि पोरांची फी त्यावर आहे. पण उत्तर एका ओळीत देता येत नाही. मला उलट विचारावं लागतं, कुठला दुष्काळ म्हणताय तुम्ही? पेरणी झाल्यावर जूनमध्ये पावसाने दडी मारली तो, की ऑगस्टमध्ये सोयाबीन शेंगेत असताना वीस-पंचवीस दिवसांचा खंड पडला तो, की रब्बीत वरून थेंब न पडता नुसत्या जमिनीतल्या ओलीवर पीक काढायचं तो? तिन्ही दुष्काळच, पण पिकाला तिन्हीत वेगवेगळं वागावं लागतं, आणि एका ठिकाणी ज्या गुणाने पीक तरतं त्याच गुणाने दुसऱ्या ठिकाणी मार खातं.

तेलबियांच्या बाबतीत हे नीट समजून घ्यायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्याकडे तेलबियांचा साधारण सत्तर टक्के पेरा पावसाच्या भरवशावर आहे, आणि खायच्या तेलातला निम्म्याहून जास्त वाटा आपण बाहेरून आणतो.

आधी करडईबद्दल, म्हणजे आमच्याकडच्या करडीबद्दल बोलते, कारण ते माझं पीक आहे. मंगळवेढा, मोहोळ, बार्शी या पट्ट्यात ज्याचं लहानपण गेलं त्याला करडी सांगायला लागत नाही. ज्वारीच्या रानाच्या कडेने करडीच्या ओळी, काट्यांमुळे जनावर आत शिरत नाही. कोवळी असताना तिची भाजी, लसूण आणि तेल घालून परतलेली, गरम भाकरीबरोबर. नंतर पिवळी केशरी फुलं, आणि काढणीला पहाटे पहाटे जायचं, कारण दवाने काटे जरा नरमतात, ऊन चढलं की हात लावता येत नाही. पण शास्त्राच्या बाजूने बघितलं तर करडईचं खरं काम कोणाला दिसत नाही. सप्टेंबरच्या शेवटाला किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला पेरली की उगवून येते आणि मग चांगले तीन-चार आठवडे जमिनीला चिकटून पानांचा नुसता गुच्छ धरून बसते. नवीन माणसाला वाटतं पीक अडलं, खत कमी पडलं. खरं तर त्या दिवसांत ती खाली जात असते. खोल काळ्या जमिनीत तिचं सोटमूळ दोन-तीन मीटरपर्यंत जातं, आणि वरचा थर वाळून भेगा पडायच्या आत खालच्या ओलीपर्यंत पोचणं हेच तिच्या सगळ्या हंगामाचं गणित असतं.

हे मी पुस्तकात वाचलं होतं पण डोळ्यांनी बघितलं ते मामाच्या रानात. शेततळ्यासाठी जेसीबी लावला होता आणि खड्ड्याची एक बाजू करडीच्या पट्टीला लागून सरळ उभी कापली गेली होती. फुलोऱ्याचे दिवस, जानेवारी. वरच्या हात-दीड हाताची माती दगडासारखी, भेगांत बोट जाईल इतकी फाटलेली. त्यातून बोटाएवढं जाड मूळ उतरलेलं, खाली खाली बारीक होत दोऱ्याएवढं झालेलं, मध्येच एका भेगेच्या कडेने आडवं पळून परत खाली वळलेलं. मी वरची मुळं मोजत बसले होते तर मामा खड्ड्यात उतरले आणि म्हणाले, "वरची काय बघतीस, हितं खाली हात लाव." त्यांच्या छातीच्या उंचीला माती गार होती, दाबली की लाडू वळावा अशी ओल, आणि त्यात पांढरी केसासारखी मुळं. दिवाळीपासून पाऊस नव्हता. त्या रानाला पाणीही दिलेलं नव्हतं. आणि करडीला पाणी द्यायचंच तर भेगा पडायच्या आधी द्यायचं, भेगा पडल्यावर दिलं तर झाडं मरतात, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे.

तर हा एक दुष्काळ. रान सुरुवातीला ओलीने भरलेलं, मग वर काही येणार नाही. अशा ठिकाणी सगळं अवलंबून असतं ते पाणी कधी खर्च करतो त्यावर. महिन्याचा पगार एकतारखेला हातात आला आणि मध्ये एक पैसा येणार नाही असं घर जसं चालवावं लागतं, तसंच. पहिल्या पंधरवड्यात वरची वाढ जोमात केली, पानं पसरली, तर दाणा भरायच्या वेळी जमिनीत काही उरत नाही.

आता याच्या उलट अनंतपूर बघा. आंध्र प्रदेशातला तो जिल्हा, वर्षाला साधारण साडेपाचशे मिलीमीटर पाऊस, लाल हलकी उथळ जमीन, आणि वर्षानुवर्षं भुईमूग. तिथे खाली ओल साठतच नाही, दोन-तीन मीटर मूळ सोडून जाणार कुठे? पाऊस येतो, थांबतो, परत येतो. तिथल्या भुईमुगाला खंडात तग धरून बसायचं आणि पाऊस आला की झटक्यात उठायचं, आणि हंगाम लवकर आटपायचा. तिथे टीएमव्ही-२ नावाचा वाण चालायचा, तो १९४० सालचा. म्हणजे स्वातंत्र्याच्या आधीचा वाण एकविसाव्या शतकात शेतकरी पेरत होते. मग हैदराबादजवळच्या पटनचेरूच्या इक्रिसॅटने, म्हणजे कोरडवाहू पिकांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने, काढलेला आयसीजीव्ही-९१११४ हा वाण शेतकऱ्यांच्याच रानात टीएमव्ही-२ शेजारी पेरून बघितला गेला आणि २००६ च्या सुमारास तिथे प्रसारित झाला. लवकर येणारा, मधल्या खंडात टिकणारा. त्यात दुष्काळाचा एखादा जादूचा जीन नव्हता, त्या जमिनीला आणि त्या पावसाला जुळणाऱ्या गुणांची बेरीज होती.

बेरीज म्हणताना मला पॅसियुराचं समीकरण आठवतं, आम्हाला ते पाठच होतं. जॉन पॅसियुरा हे ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ, त्यांनी १९७७ मध्ये मांडलं की पाणी कमी असेल तेव्हा धान्याचं उत्पन्न म्हणजे तीन गोष्टींचा गुणाकार: पिकाने किती पाणी ओढून पानांवाटे सोडलं, त्या प्रत्येक लिटरमागे किती वाढ केली, आणि त्या वाढीतला किती हिस्सा दाण्यात गेला. ऐकायला किती साधं आहे. पण यात तो प्रसिद्ध "दुष्काळ सहनशीलता" हा शब्द कुठेच नाही, आणि या तिन्हींवर शेकडो जीन्सचा हात आहे. शिवाय गुणाकार असल्यामुळे एक वाढवताना दुसरं घटलं तर हातात काही येत नाही. पानावरची छिद्रं बंद ठेवून पाणी वाचवणारं झाड कार्बनही कमी घेतं, मग वाढ कमी. सगळी मारामारी तिथे आहे.

मधल्या भागावर, म्हणजे पाण्याच्या प्रत्येक लिटरमागे वाढ किती यावर, भुईमुगात फार सुंदर काम झालं. हवेतल्या कार्बनमध्ये एक जरा जड प्रकार थोडासा असतो, कार्बन-१३. झाड साधारणपणे तो टाळतं, पण पाण्याचा वापर काटकसरीने करणाऱ्या झाडाला तो तितका टाळता येत नाही, त्यामुळे पान वाळवून यंत्रात घातलं की झाडाने हंगामभर पाणी कसं वापरलं याचा अंदाज येतो. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी हे १९८६ मध्ये भुईमुगात दाखवलं. पण ते यंत्र महाग, हजारो झाडांचं कोण करणार? मग पुढे लक्षात आलं की भुईमुगात हा गुण पानाच्या जाडीशी आणि हिरवेपणाशी जुळतो. जाड, गडद हिरवं पान, तर काटकसर जास्त. एक छोटं चिमट्यासारखं मीटर पानाला लावलं की आकडा येतो, रानात उभं राहून दिवसभरात कितीतरी झाडं तपासता येतात. मला ही गोष्ट फार आवडते, कारण इथे आण्विक भौतिकशास्त्रातून निघालेली कल्पना शेवटी रानात पानं तपासणाऱ्या मुलींच्या हातातल्या चिमट्यापर्यंत येते.

पण नुसत्या काटकसरीने भागलं असतं तर प्रश्न कधीच सुटला असता. विद्यार्थी असताना इक्रिसॅटला गेले होते तेव्हा तिथली नळ्यांची सोय बघितली आणि तिथेच माझ्या डोक्यातली मुळांबद्दलची समजूत पालटली. सिमेंटच्या खड्ड्यांत पीव्हीसीचे मोठाले नळ उभे, माणसाच्या उंचीच्या आसपासचे, आत रानातलीच माती रानात असते तशी दाबून भरलेली, प्रत्येकात एकेक-दोनदोन रोपं. वर सरकतं छप्पर, पाऊस आला की ओढून घ्यायचं. आणि ठराविक दिवसांनी प्रत्येक नळ क्रेनने उचलून वजन करायचं, किती वजन घटलं म्हणजे किती पाणी गेलं. म्हणजे झाडाचं रोजचं पाण्याचं पुस्तकच. या नळ्यांवर हरभऱ्यात जे दिसलं ते मला आजही महत्त्वाचं वाटतं: कोरड्यात चांगलं पिकणारे वाण सगळ्यात जास्त पाणी ओढणारे नव्हते, सगळ्यात लांब मुळांचेही असतील असं नव्हतं, ते फुलोऱ्याच्या आधी कमी पाणी वापरून दाणा भरताना वापरणारे होते. मामांच्या रानातलं करडीचं मूळ खोल होतं म्हणून मी इतके दिवस खोलीचंच कौतुक करत होते, खरी गोष्ट त्या महिनाभर गुच्छ धरून बसण्यात होती. खोली आणि वेळ दोन्ही लागतात.

आता जीन्सकडे येते. गुण असा बारीक बारीक वाटलेला असेल तर जनुकशास्त्रात काय दिसतं? भुईमुगात टीएजी-२४ आणि आयसीजीव्ही-८६०३१ यांचा संकर करून त्याच्या संततीवर हे शोधलं गेलं. टीएजी-२४ म्हणजे ट्रॉम्बे-अकोला, भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणोत्साराने बदल घडवलेल्या वाणांतून काढलेला आणि अकोल्याच्या विद्यापीठाबरोबर आणलेला, आपल्याकडचाच उपट्या भुईमूग. त्या संततीत पाण्याच्या वापराशी संबंधित गुणांसाठी गुणसूत्रांवर शंभराहून जास्त जागा सापडल्या, आणि त्यातल्या बहुतेकांचा वाटा अगदी थोडा थोडा. म्हणजे एक जागा पकडून ती दुसऱ्या वाणात सरकवली आणि काम झालं असं नाही. तिथून लोक जीनोमिक सिलेक्शनकडे वळले, एकेका जीनच्या मागे न लागता सगळ्या गुणसूत्रांवरच्या हजारो खुणा एकत्र धरून कुठलं रोप चांगलं निघेल याचा अंदाज बांधायचा. भुईमुगाच्या जंगली पूर्वजांचा जीनोम, म्हणजे सगळ्या जीन्सचा मिळून आराखडा, २०१६ ला वाचला गेला, लागवडीच्या भुईमुगाचा २०१९ ला, करडईचा २०२१ ला. वाचून झालं म्हणजे कळलं असं नाही, पण दारं उघडली.

याच्या शेजारी तेलाच्या दर्जाची गोष्ट ठेवून बघा म्हणजे फरक कळेल. करडईचं नेहमीचं तेल म्हणजे पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास लिनोलिक नावाचं स्निग्धाम्ल. पण एका जीनमध्ये बदल झाला की तेच झाड ओलिक आम्ल जास्त असलेलं, टिकाऊ, तळायला चांगलं तेल देतं. एक जीन, स्पष्ट परिणाम. कॅलिफोर्नियात नोल्स नावाचे ब्रीडर होते, जगभर फिरून त्यांनी करडईचं बियाणं गोळा केलं, आणि त्यांनी हा गुण पटापट वाणात आणला. मग ऑस्ट्रेलियात असे जीन्स दाबून नव्वद टक्क्यांच्या वर ओलिक असलेली करडई आली, २०१८ ला तिला परवानगी मिळाली. एका जीनचं काम असं धडाधड होतं. दुष्काळाचं होत नाही, कारण तेलातलं आम्ल प्रयोगशाळेत एका दाण्यावरही मोजता येतं, दुष्काळ मोजायला अख्खं रान आणि अख्खा हंगाम लागतो, आणि रानात एका वाफ्याखाली मुरूम निघतो तर दुसऱ्याखाली चिकण माती. पाणी कमी पडलं की जमिनीतला हा फरक उघडा पडतो आणि वाणांमधला फरक त्यात बुडून जातो. ओलिताखाली जो वाण वरचढ दिसतो तो कोरड्यात खाली जाऊ शकतो. म्हणूनच ज्या ट्रायल्स रस्त्याकडेच्या चांगल्या जमिनीत, "पीक जाऊ नये म्हणून" एखादं पाणी देऊन घेतल्या जातात त्यांचा मला राग येतो. तिथून निवडलेला वाण मंगळवेढ्याच्या कोरडवाहू रानात काय करेल हे त्या आकड्यांत नसतंच.

मग एकट्या जीनने काहीच होत नाही का? होतं, आणि ते नाकारणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. सूर्यफुलात एचएएचबी-४ नावाचा जीन आहे, अर्जेंटिनात सांता फे इथे राकेल चान यांच्या गटाने तो शोधला. पाण्याचा ताण आला की झाडात इथिलीन नावाचं संप्रेरक वाढतं, पानं पिवळी पडून म्हातारी होतात. हा जीन त्या इशाऱ्याला झाडाला लगेच बळी पडू देत नाही, पानं हिरवी राहून काम करत राहतात. तो सोयाबीनमध्ये घातला, गव्हात घातला, आणि २०२० मध्ये अर्जेंटिनाने तशा गव्हाला मान्यता दिली. तेलबियातला जीन गव्हात गेला, मोठीच गोष्ट. पण बघा, हा उपयोग कुठला? ताण येऊन जाणार, नंतर पाऊस येणार, तेवढा वेळ पान वाचवायचं, अशा ठिकाणचा. ज्या रानात खाली पाणीच संपलंय तिथे पान हिरवं ठेवून काय मिळेल?

मराठवाड्यातल्या सोयाबीनला मात्र असंच काहीतरी हवं आहे. करडी, जवस, भुईमूग, सूर्यफूल मागे पडून सगळीकडे सोयाबीन झालं, आणि तिथला दुष्काळ म्हणजे ऑगस्टमधला खंड, नेमका शेंगा भरताना. अमेरिकेत जपानहून आलेला एक जुना वाण आहे, दुपारी हवा कोरडी झाली की तो पानावाटे पाणी सोडणं एका पातळीवर थांबवतो, म्हणून शेजारच्यांपेक्षा उशिरा कोमेजतो. त्यावर तिथे वर्षानुवर्षं काम करून वाण काढले. अशी हळू कोमेजणारी झाडं आपल्या वाणसंग्रहातही शोधता येतील, त्यासाठी फार मोठी यंत्रणाही लागत नाही, खंडात दुपारी दोनला रानात उभं राहून बघणारी माणसं लागतात.

पण करडीचं काय? तिच्यात तर हे सगळं आधीच आहे. परभणी कुसुम आहे, सोलापूरचे भीमा आणि फुले चंद्रभागा आहेत, फलटणच्या निंबकर संस्थेने बिनकाट्याचा नारी-६ काढला, बिनकाट्याचा संकरित वाणही काढला. तरी ऐंशीच्या दशकात देशात सात-आठ लाख हेक्टरच्या घरात असलेलं पीक आज एक लाखाच्या खाली आलं. दुष्काळाने नाही. १९९४ ला पामोलिनची आयात खुली झाली, तेलाचे भाव पडले, काढणीला मजूर मिळेना, हरभऱ्याला बरा भाव होता, आणि आपल्या वाणांत तेल अठ्ठावीस-तीस टक्के, टरफल जाड, त्यामुळे तेलवाल्यांनाही रस कमी. रब्बी विपणन हंगाम २०२५-२६ साठी करडीचा हमीभाव क्विंटलला ५,९४० रुपये होता, मोहरीचा ५,९५०. कागदावर बरोबरी. पण मोहरी विकत घेणारा बाजार आहे, करडी घेऊन माणूस कुठल्या बाजार समितीत उभा राहील हे आमच्या भागात आधी विचारून घ्यावं लागतं. ज्या पिकाच्या अंगात तो गुण हजारो वर्षांपासून आहे, पश्चिम आशियाच्या कोरड्या भागातून घेऊन आलेलं, ते पीक विकलं जात नाही म्हणून सोडायचं आणि तोच गुण दुसऱ्या पिकात घालायला प्रयोगशाळेत वीस वर्षं घालवायची, हे मला पटत नाही. दोन्ही करा, पण करडीत तेलाचं प्रमाण वाढवायला आणि ती विकत घ्यायला निदान तेवढाच पैसा लावा.

परवा ग्रुपवर परत तीच बातमी आली, यावेळी मोहरीची. मी मामांच्या गावातल्या पोरांना लिहिलं की मोहरीचं राहू दे, तुमच्या रानात ओल किती खोल आहे ते आधी बघा. सब्बल घेऊन चार ठिकाणी खणा, फूटभर खाली मुरूम लागला तर लवकर येणारा हरभरा बरा, तीन-चार फूट काळी असेल तर मूग-उडीद निघाल्यावर करडी पेरा. त्यावर एकाने लगेच विचारलं, काट्याची की बिनकाट्याची, हार्वेस्टर येतो का? येतो, हरभऱ्याचा-गव्हाचाच येतो, सेटिंग बदलून, आणि हार्वेस्टर असेल तर काट्याची पेरायलाही हरकत नाही. दोघांनी मिळून परभणी कुसुम आणि फुले चंद्रभागा शेजारी शेजारी टाकायचं ठरवलंय, सारखी जमीन, पाणी नाही. महिन्याभराने गुच्छ कोणाचा किती पसरला त्याचे फोटो पाठवा म्हणून सांगितलंय, आणि विकायचं आधी ठरवा म्हणून बार्शीच्या एका घाणेवाल्याचा नंबरही दिलाय.